जमादारांचा कान

यवतमाळात मी ज्या घरात बारा वर्षं भाड्यानं राहिलो, त्या घरात तोंड असलेली प्रत्येक वस्तू भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असे. चहाची किटली, टॉर्च, छत्री, सायकलचा पंप, झाडांना पाणी घालायची झारी, सगळं. आम्ही वरच्या मजल्यावर राहायला गेलो त्याच आठवड्यात घरमालक जिना चढून वर आले. मला वाटलं, भाड्याचं काही बोलायला आले असतील. त्यांनी खिडकीतली आमची टॉर्च उचलली, उलटी करून ठेवली आणि माझ्या बायकोला म्हणाले, "बाई, तोंड भिंतीकडे ठेवत जा. सवय बरी असते." आणि गेले. बायको कितीतरी वेळ त्या टॉर्चकडे पाहत राहिली.

ते पोलिसात होते, पण चोराच्या मागे कधी धावले नसावेत. सगळी नोकरी त्यांनी मुख्यालयाच्या शस्त्रागारात हत्यारं दुरुस्त करण्यात काढली. निवृत्तीनंतरही गल्ली त्यांना जमादारच म्हणायची. मीही तेच म्हणत असे. बायको वारलेली, एकुलती मुलगी चंद्रपूरला दिलेली. खालच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाट, आणि टेबलावर पोट उघडलेला रेडिओ. तो रेडिओ मी कधी बंद झालेला पाहिला नाही आणि पूर्ण जोडलेलाही पाहिला नाही.

दिवाळीत गल्लीतली पोरं टिकल्यांची पिस्तुलं घेऊन फिरायची तेव्हा जमादार ओट्यावर पाना-पेचकस घेऊन बसत. बिघडलेलं पिस्तूल फुकट नीट करून देत. अट एवढीच, की पोरानं त्यांच्यासमोर उभं राहून ते जमिनीकडे धरून दाखवायचं. माणसावर रोखलं की जप्त. माझ्या धाकट्याचं दोन दिवाळ्या जप्त झालं होतं.

पण त्यांची खरी ओळख कान ही होती. कुठलीही वस्तू ते डोळ्यांनी बघत नसत, ऐकत. मिक्सर, शिलाई मशीन, पंखा, पाण्याची मोटर. बाजारात टरबूज घेतानाही हातातलं कानाशी नेऊन टिचकी मारत आणि डोळे मिटून घेत. टरबूजवाली म्हणायची, "जमादार, त्याच्यासंग बोलून राह्यले का घेऊन राह्यले?" ते म्हणायचे, "थांब वो बाई, त्याले बोलू दे." शेजारणीच्या मुलीला बघायला मुलगा आला होता, तर जमादारांनी त्याला दोनदा जिना चढायला लावला आणि त्याच्या छातीशी कान नेऊन म्हणाले, "विडी पेतो का, लेका?" मुलगा लाजला. लग्न झालं, पण विडी सुटल्यावर.

त्यामुळे कोणाला जुनी वस्तू घ्यायची किंवा विकायची असली की जमादारांना बोलवायचे. नेर, घाटंजी, दारव्हा, कुठून कुठून माणसं येत. जमादार येत, ऐकत, आणि भाव सांगत. तो भाव दोन्ही बाजू मान्य करायच्या. त्याबद्दल ते काही घेत नसत. अर्धा कप चहा, तोही बिनसाखरेचा.

त्यांचा एक नियम होता आणि तो फार अडचणीचा होता. घेणारा आणि देणारा दोघांच्या देखत ते बोलत. असलेली खोट सांगत, तसा असलेला गुणही सांगत. "असन ते खोट सांगाची," ते म्हणायचे, "नसन ते कायले लावाची? वस्तूले तोंड नाही म्हणून का?"

मी जुनी मोटारसायकल घ्यायची म्हणून त्यांना घेऊन गेलो होतो. मालक बावीस हजार मागत होता, मी अठरावर आणून ठेवला होता. जमादारांनी गाडी सुरू केली, बसले, कान टाकीवर टेकवला. मालक आणि मी श्वास धरून उभे. मग ते उठले आणि मालकालाच म्हणाले, "बापू, हे इंजन पंचवीसचं आहे. टायर गेलेत, त्याचे दोन कमी कर." तेवीसला पडली मला ती गाडी. रस्ताभर मी त्यांच्याशी बोललो नाही. मागे बसून ते शांतपणे ऐकत होते, मला नाही, इंजिनाला. घर आल्यावर म्हणाले, "धा वर्षं काई होत नाही हिले." अकरा वर्षं काही झालं नाही. पण मी ते तेवीस हजार विसरलो नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं असं आता वाटतं.

माझा धंदा कापसाचा. गावोगावी फिरून शेतकऱ्यांच्या दारातून कापूस घ्यायचा आणि जिनिंगला घालायचा. तेव्हा सगळा व्यवहार रोखीचा होता. हंगामात माझ्या चारचाकी गाडीच्या डिकीत जी रक्कम असायची ती माझी नसायची, तरी जबाबदारी माझी. एका दुपारी नेरच्या रस्त्यावर नाल्याजवळ दोघांनी मोटारसायकल आडवी घातली. सुरा दाखवला, पिशवी घेतली. मला खरचटलंही नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस रस्त्यात मोटारसायकल मागून आली की माझे हात स्टिअरिंगवर ओले होत. मी रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज केला. चौकशा, शिक्के, खेटे यात वर्ष-सव्वा वर्ष गेलं, आणि परवाना मिळाला. मिळाला की ठरलेल्या मुदतीत हत्यार घ्यावं लागतं. सरकारी कारखान्याच्या नव्या रिव्हॉल्व्हरची किंमत ऐकून मी दुकानातून चहा न पिता परत आलो.

जमादारांना सांगितलं तेव्हा ते झारी भरत होते.

"कायले घेता?" ते म्हणाले. "बाकी वस्तू वापरल्यानं वसूल होते. हे न वापरल्यानं वसूल होते. असा सौदा काहून करता?"

"जमादार, तुम्ही नाल्याजवळ नव्हते."

त्यांनी झारी ठेवली. तोंड भिंतीकडे. "नव्हतो," ते म्हणाले. "चला मग. जुनं पाहू. पण मी आहे तसा येईन."

'आहे तसा' म्हणजे काय ते मला कळलं होतं.

आधी आम्ही राजूरला गेलो. कोळशाच्या गाड्या चालवणारे एक गृहस्थ आपलं रिव्हॉल्व्हर विकणार होते. त्यांनी ते तांदळाच्या डब्यातून काढलं. ओल लागू नये म्हणून तांदळात ठेवलं, असं मोठ्या अभिमानानं सांगितलं. जमादारांनी आधी ते रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, तोंड जमिनीकडे धरलं, मग चक्री कानाशी नेऊन हळूच फिरवली. सहा घरांचे सहा आवाज. मलाही ते आवाज ऐकू आले, मला सगळे सारखेच वाटले.

"हे कोळसा खाऊन आहे," जमादार म्हणाले. "आन् थोडा भातही."

मालकाला हसू आलं नाही. भाव खाली यायला तयार नव्हता. आम्ही परत निघालो तेव्हा जमादार दारातून वळून त्यांना म्हणाले, "पण घोडा लय चांगला आहे याचा, साहेब. साफ करून घ्या, बाकी ठीक होईन." घेणार नव्हतो तरी गुण सांगितल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडवला नाही.

मग नेरचं कळलं. तिथले एक ठेकेदार वारले होते. परवाना त्यांच्या नावावर, म्हणून हत्यार ठाण्यात जमा. घरच्यांना ते ठेवता येत नव्हतं, परवानगी काढून परवानाधारकाला विकावं लागणार होतं. विकणारी त्यांची बायको. मुलगी नागपूरला नर्सिंगला घालायची होती, त्यासाठी ती पैसे जमवत होती, हे मला आधीच कळलं होतं. ते कळून मी काय करायला हवं होतं आणि काय केलं, हे सांगायलाच मी लिहायला बसलो आहे.

ठाण्यात हत्यार कापडात गुंडाळून, दोरीला चिठ्ठी लावून ठेवलं होतं. जमादारांनी ते सोडलं. मुठीच्या खाचेत वाळलेलं कुंकू होतं, दसऱ्याच्या पूजेचं. त्यांनी नखानं ते काढलं नाही. खिडकीशी जाऊन नळीतून उजेड पाहिला, मग चक्री कानाशी. डोळे मिटले. फिरवत राहिले, सहाच्या पुढेही. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो आणि मला धस्स झालं, कारण ते खूश झाले होते.

अंगणात आल्यावर म्हणाले, "भाऊ, नव्यात असं भेटत नाही. ठेकेदारानं लेकरावानी ठेवलं. साठ सांगा तिले. पासष्ट मागितले तरी द्या."

मी मनात पस्तीस हजार धरून आलो होतो.

ठेकेदाराच्या बायकोकडे जायचं तर जमादारांना घेऊन जावं लागणार. आणि ते तिच्या देखत हेच सगळं बोलणार. पण तेवढ्यात ठाण्यातल्या दोन पोलिसांनी त्यांना ओळखलं. एकानं मुख्यालयात त्यांच्या हाताखाली काम शिकलं होतं. "जमादार, आमच्या रायफली पाहून द्या नं जरा," म्हणून त्यांनी बाक मांडला, चहा सांगितला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत किती आनंद होता. कितीतरी वर्षांनी त्यांना कोणी त्यांच्या स्वतःच्या कामाला बसवलं होतं.

मी म्हणालो, "तुम्ही बसा. वहिनींशी मी बोलून येतो. भाव तर तुम्ही सांगितलाच आहे."

"हाओ," ते म्हणाले. "माझं नाव सांगा, मंग तिले काई शंका राहणार नाही."

मी त्यांचं नाव सांगितलं.

ठेकेदाराचं घर बाजाराच्या मागे होतं. वहिनींनी मला खुर्ची दिली, स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. किंमत विचारली नाही, हत्यार कसं वाटलं तेही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "जमादार काय म्हणते?"

"जमादार म्हणतात, चक्री ढिली झालीय. नळीत गंज आहे. मोडीच्या जरा वरचा माल."

हे म्हणताना मला काहीही कठीण गेलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो. नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की जीभ अडखळली होती, घाम आला होता. नाही. अगदी सहज, कापसात ओल आहे म्हणावं तसं म्हणालो. कापसातही मी ते कधीकधी म्हणतच असे.

"गंज?" त्या म्हणाल्या. "हे तर दर दसऱ्याले स्वतः तेल देत. मले हातही लावू देत नव्हते."

"वरून तेल दिलं तरी आतून होते, वहिनी."

"जमादारच म्हणाले नं?"

"हो."

"मंग खरंच असन." त्यांनी पदर सारखा केला. "म्हणजे यांनी नीट ठेवलंच नाही म्हणा."

पस्तीसला ठरलं. ठाण्यात परत आलो तेव्हा जमादारांच्या पुढ्यात तीन रायफली होत्या आणि त्यांच्या बोटांना तेल लागलं होतं. त्यांनी भुवया उचलून विचारलं. मी म्हणालो, "साठ."

"बाई शहाणी आहे," ते म्हणाले आणि परतीच्या वाटेवर मला त्या हत्याराचे गुण सांगत राहिले.

तीन-चार महिने गेले. कागदपत्रं झाली, रिव्हॉल्व्हर माझ्या कपाटात आलं. एका दुपारी मी बाहेर जायला निघालो तर खाली ओट्यावर ठेकेदाराची बायको बसलेली. कलेक्टर कचेरीत काही सही राहिली होती म्हणून आली होती. जमादार खाटेवर होते. मला पाहून तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबलो. पुढे जाता येईना, मागे जाता येईना.

"जमादार," ती म्हणत होती, "एक विचारू का? तुमी पिस्तुलाची चक्री ढिली म्हटलं, आतून गंज म्हटलं. ते ठाण्यात पडून झालं का आमच्या यांच्या हातानं?"

एरवी कोणी रिव्हॉल्व्हरला पिस्तूल म्हटलं की जमादार अडवून दुरुस्त करायचे. त्या दिवशी केलं नाही.

"काहून विचारता, बाई?"

"दीर येता-जाता म्हणते, दादानं घरातलं काहीच धड ठेवलं नाही, पाहा, जमादारानंही तेच सांगतलं. मले वाटे, हे एक तरी त्याईनं जिवापाड ठेवलं होतं. मले खरं सांगा. मी रागावणार नाही."

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून चपलेचा अंगठा सरळ करू लागलो. तो सरळच होता. त्यांना सगळं कळायला किती वेळ लागला असेल? सहा घरं फिरायला लागतो तेवढा.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या माणसानं ते हत्यार लेकरावानी ठेवलं होतं. चक्री घट्ट, नळी आरशावानी. त्याईच्या हातात काई खोट नव्हती. दिराले सांगजा, जमादारानं स्वतः सांगतलं."

"मंग त्या दिवशी?"

"त्या दिवशी मले नीट ऐकू आलं नाही. वय झालं. कान गेला माझा."

आयुष्यभर ज्यांनी नसलेली खोट कशालाही लावली नाही, त्यांनी ती स्वतःला लावली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा राहून ऐकत होतो.

ती हळूच म्हणाली, "म्हणजे भाव कमी आला म्हणा."

"ते या भाऊच्या हाती आहे," जमादार म्हणाले.

त्यांनी मला वाट करून दिली होती. तेव्हा मी 'राहिलेले पंचवीस देतो' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "पाहू वहिनी. काहीतरी करू."

त्या 'काहीतरी'तला आवाज तिलाही ऐकू आला असावा. ती उठली. "राहू द्या. झाला तो व्यवहार झाला. मले एवढंच विचाराचं होतं," म्हणाली आणि गेली. जाताना तिची चाल आली होती त्यापेक्षा हलकी होती. तेवढं जमादारांनी तिला दिलं होतं, स्वतःचा कान देऊन.

आम्ही दोघंच राहिलो.

"साठ म्हटलं होतं नं तुमी मले?"

"हो."

"किती देल्ले?"

"पस्तीस."

त्यांनी मान हलवली. फुटकं मडकं टिचकी मारून खाली ठेवताना हलवत तशी.

"मी नेरला जातो," मी म्हणालो. "सांगतो तिला खरं."

"मंग कापूस कोण देईन तुमाले? तोंडाच्या शब्दावर तर धंदा तुमचा. घरात दोन लेकरं आहेत." त्यांनी खाटेवरची चादर झटकली. "माझं काय. मले पेन्शन येते."

त्यांनी परवानगी दिली नव्हती. रागावून बोलले होते की दयेनं, ते मला आजही सांगता येत नाही. पण मी ती परवानगी समजून घेतली आणि जिना चढून वर गेलो. बायकोनं विचारलं, बाहेर जाणार होते ना? मी म्हणालो, काम रद्द झालं.

बातमी नेरहून निघाली आणि हळूहळू सगळीकडे पोचली. तिनं ती वाईट हेतूनं सांगितली नसणार. नवऱ्याचं नाव साफ करायला तिला ती सांगावीच लागली असेल. जमादारांचा कान गेला. माणसं येणं कमी झालं. एक-दोघं जुन्या ओळखीनं येत, तर तेच म्हणत, "नाही बाप्पा, आता ऐकू येत नाही. दुकानात दाखवा." गल्लीतले लोक त्यांच्याशी मोठ्यानं बोलू लागले. मुलीनं चंद्रपूरहून कानाचं मशीन आणलं. ते त्यांनी निमूट लावलं. ज्या माणसाला सहा आवाजांतला फरक कळत होता, तो माझ्यापायी कानात मशीन घालून ओट्यावर बसायचा, आणि लोक त्याच्या कानाशी ओरडायचे, "जमादार, जेवले का?"

माझ्याशी ते पहिल्यासारखेच बोलत. हे सगळ्यात कठीण होतं. रिव्हॉल्व्हरबद्दल कधी शब्द काढला नाही. मी मात्र त्यांची परीक्षा घेत असे. खरंच कान गेला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटे. इतका मी खाली गेलो होतो. वय झालं आहे, कदाचित खरंच कमी ऐकू येत असेल, मग माझं ओझं तेवढं कमी. एकदा आमच्या वरच्या पंख्यात बारीकशी खरखर सुरू झाली. मला स्वतःला ती दोन दिवस कळली नव्हती. जमादार लाईटचं बिल द्यायला वर आले होते. बिल देता देता त्यांचं डोकं पंख्याकडे किंचित कललं. मशीन त्या दिवशी खिशात होतं. त्यांनी ओठ उघडले, मिटले, आणि जिना उतरून गेले.

मला त्यांना थांबवता आलं असतं. मी पंखावाल्याला बोलावलं.

असे ते सहा वर्षं जगले. मागच्या उन्हाळ्यात झोपेतच गेले. त्या काळात निवडणूक आली की रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा करायचं, झाली की आणायचं, एवढाच काय तो माझा त्याच्याशी संबंध. आता कापसाचे पैसे फोनवरून जातात, डिकीत डबा आणि पाण्याची बाटली असते. एकदाही ते कोणावर रोखलं नाही. त्यांच्या हिशेबानं पुरेपूर वसूल झालं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं बरीच आली. वंदना झाली, मग आठवणी. ज्यानं त्यानं उठून सांगितलं, कोणाचा पंप, कोणाची मशीन. आणि शेवटी सगळे तेच म्हणत: काय कान होता, पण म्हातारपणी गेला बिचाऱ्याचा. मुलगी रडत म्हणाली, "बाबाले शेवटी शेवटी काईच ऐकू येत नव्हतं." मला कोणी तरी म्हणालं, तुम्ही इतकी वर्षं सोबत राहिले, तुम्ही बोला. मी उभा राहिलो, हात जोडले आणि खाली बसलो. गळा दाटून आला असं लोकांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी नेरला गेलो. पंचवीस हजार पाकिटात घातले होते. ठेकेदाराची बायको आता थोडी वाकली आहे. मुलगी नर्स होऊन नागपुरातच लागली आहे. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. जमादारांनी काय सांगितलं होतं, मी काय सांगितलं, ओट्यावर काय झालं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही.

"मले त्या दिवशीच जरासं वाटलं होतं," शेवटी ती म्हणाली. "तुमी चप्पल पाहून राह्यले होते तवा. पण जमादार म्हणाले, म्हणून मी मानलं." मग माझ्या हातातल्या पाकिटाकडे पाहून म्हणाली, "हे मी घेईन. माझं आहे, काहून नाही घेऊ? पण आज नाही. त्या माणसाचा कान गेला असं मी गावभर सांगून राह्यली होती, सहा वर्षं. मी आता नेरात सांगतो, चूक झाली म्हणून. तुमी यवतमाळात सांगा. मंग घेऊन या."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाचं दुकान आहे. तिथे सकाळी सगळे असतात. मिक्सर दुरुस्तीवाला, निवृत्त कंडक्टर, बाजूचे दोघं-तिघं. मी दुसऱ्या सकाळी गेलो. म्हटलं, आता शिव्या पडतील, पडू देत. बातमी जिनिंगपर्यंत जाईल, जाऊ दे.

"जमादारांचा कान गेला नव्हता," मी म्हणालो. "शेवटपर्यंत चांगला होता. नेरच्या सौद्यात मी खोटं बोललो, त्यांच्या नावानं. त्यांनी ते स्वतःवर घेतलं."

मिक्सरवाल्यानं पेला खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग कंडक्टरकडे. दोघांच्या नजरेत मला अपेक्षित होतं ते काहीच नव्हतं.

"लय लागलं भाऊले," कंडक्टर हळूच म्हणाले.

"अहो, खरं सांगतो. मशीन ते नुसतं लावायचे. मीच—"

"हाओ, हाओ." मिक्सरवाल्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो मोठ्यानं, सावकाश बोलत होता, सहा वर्षं जमादारांशी बोलायचा तसा. "माणूस गेला की त्याची उणी बाजू आपल्यावर घ्यावं वाटते. माझ्या बापाच्या वक्ती मलेबी तसंच झालं होतं. पण भाडेकरू असून तुमी एवढं बोलता, भाऊ, हे लय मोठं आहे. पोरगाही नसता बोलला."

बाकीच्यांनी माना हलवल्या. मी पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं, ठाणं, कुंकू, साठ, पस्तीस. ते आदरानं ऐकत होते. मी जितकं सांगत गेलो तितका त्यांचा आदर वाढत गेला.

उठताना मी खिशात हात घातला तर चहावाल्यानं हात धरला. त्यानं मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.